तिसऱ्या लाइनचा खोळंबा

आठाला दहा मिनिटं कमी असताना त्याने कीबोर्डच्या कंट्रोलवर करंगळी ठेवली, दुसऱ्या बोटाने सी दाबलं आणि तिसऱ्या लाइनचा प्रोग्राम होता तिथे उभा केला. यात विशेष असं काही नव्हतं. गेली तीस-पस्तीस वर्षं तो हेच करत आला होता. काळ्या पडद्यावर डिबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं हत्यार, उघडायचा, डिबगरच्या आत प्रोग्राम चालू करायचा आणि मग हाताची घडी घालून गप्प बसायचं. कारण प्रोग्राम चालतोय तोवर त्याला काही विचारायची सोय नसते. पडदा नुसता काळा. कुठवर आलास, काय करतोयस, अडलास का, हे विचारायचं तर आधी त्याला मध्येच थांबवावं लागतं. मारायचं नाही, थांबवायचं. हा फरक ऑफिसातल्या नव्या मुलांना समजावता समजावता त्याच्या तोंडाला फेस आला होता. मारला की सगळंच गेलं, मागे काही उरत नाही. थांबवला तर हातातलं काम हातात धरून तो तसाच उभा राहतो, त्याच्या खिशात काय काय आहे ते सावकाश बघता येतं, आणि पुन्हा चल म्हटलं की पुढचं पाऊल उचलतो. मध्ये पाच मिनिटं गेली की पाच तास, त्याला पत्ता नसतो. मुलं हसायची. त्यांच्याकडे रंगीत पडदे होते, माउसने दाबायची चित्रं होती. काका अजून चुलीवर स्वयंपाक करतात, असं ती आपसांत म्हणायची आणि ते त्याच्या कानावर येईल अशा बेतानेच म्हणायची. ऑफिसात त्याला सगळेच काका म्हणत. घरी त्याला कोणी काही म्हणत नसे, कारण घरी कोणी नव्हतं.

आज थांबवणं भाग होतं. या ऑफिसचं काम म्हणजे सकाळचा फोन. एकट्या राहणाऱ्या एकशेसाठ म्हाताऱ्या माणसांना चार लाइनींवरून रोज सकाळी सातपासून फोन जातो. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज म्हणतो, नमस्कार, सकाळ झाली, आपण बरे असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन दाबा. मशीन वीस सेकंद वाट बघतं. एक आला की धन्यवाद म्हणून पुढचा नंबर. काहीच आलं नाही तर पुन्हा फोन, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर ऑपरेटरबाई त्या माणसाच्या शेजाऱ्याला उठवतात. साधं काम आहे. पण गेले काही महिने तिसरी लाइन रोज मागे पडायला लागली होती. बाकीच्या तीन लाइनी साडेआठला मोकळ्या व्हायच्या, तिसरी नऊ-नऊ वाजेपर्यंत रखडायची. नोंदवहीत बघावं तर सगळं ठीक. नोंदवहीत वेळ लिहीतच नाहीत, नुसता क्रमांक आणि समोर ‘ठीक’ किंवा ‘उत्तर नाही’. लाइनचं कार्ड जुनं झालंय, असं तो सहा महिने सांगत आला. मग कार्डही नवीन आलं आणि तिसरी तशीच लंगडत राहिली. काल साहेब म्हणाले, “काका, उद्या छडा लावाच.” म्हणून आज सकाळी साडेसहाला येऊन त्याने तिसऱ्या लाइनचा प्रोग्राम डिबगरच्या पोटात चालवला होता. खरं सांगायचं तर हे सहा महिन्यांपूर्वीही करता आलं असतं. जिवावर येत होतं. या प्रोग्रामच्या एका विशिष्ट भागात डोकवायचं तो नऊ वर्षं टाळत होता, आणि माणूस एखादी खोली टाळायला लागला की त्या खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे हेही सोयीने विसरतो.

पडद्यावर ओळ उमटली: थांबण्याचा इशारा मिळाला. त्याने दोन अक्षरं टाइप केली, तशी कोणी कोणाला कामाला लावलंय याची उतरंड समोर मांडली गेली. सगळ्यात खाली मुख्य प्रोग्राम. त्याने बोलावलेली सकाळची फेरी. फेरीने बोलावलेला एक फोन. फोनने बोलावलेलं उत्तर ऐकणं. आणि सगळ्यात वर, जिथे प्रोग्राम आत्ता या क्षणी उभा होता तिथे, आकड्याची वाट बघणं. म्हणजे कुणाला तरी फोन लागला होता, त्या माणसाने उचलला होता, नमस्कार ऐकला होता आणि पुढे काही दाबलं नव्हतं. ठीक आहे, वाट बघायची मर्यादा वीस सेकंद. तो उतरंडीत दोन पायऱ्या उतरला आणि विचारलं, किती वेळ झाला? उत्तर आलं, दोन हजार चारशे साठ सेकंद. त्याने मनात भागाकार केला, पुन्हा केला. एकेचाळीस मिनिटं. मग विचारलं, कोणता क्रमांक? सत्त्याऐंशी. मग विचारायची गरज नव्हती, तरी त्याची बोटं टाइप करत राहिली, कारण बोटांना सवय असते. घाईनको नावाच्या खुणेत किती? एक.

त्याने पडदा जरा स्वतःकडे वळवून घेतला.

“काका, आमची लंगडी कुठे अडलीय?” समोरच्या टेबलावरून ऑपरेटरबाईंनी हेडफोन मानेवर ओढत विचारलं. बाई त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान, पण काका म्हणायच्या. रेकॉर्डवरचा आवाज त्यांचाच होता, अकरा वर्षांपूर्वीचा. मशीनमधली मी अजून जशीच्या तशी आहे, गुडघे फक्त माझे दुखतात, असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या.

“बघतोय,” तो म्हणाला.

“कोणत्या नंबरवर?”

आकडा समोर होता. “बघतोय ना.”

“बघा, बघा, सावकाश बघा. माझे तेहतीस जण तिकडे फोनकडे डोळे लावून बसलेत. मी आपली हाताने करायला घेते.” त्यांनी यादी पुढे ओढली आणि अठ्ठ्याऐंशीपासून नंबर लावायला सुरुवात केली. नमस्कार, हो मीच बोलतेय, नाही मशीन नाही, खरीच मी. बऱ्या आहात ना? बरं, बरं.

ती ओळ त्याने लिहिली होती. घाईनको हे नाव त्यानेच ठेवलं होतं. नावं ठेवताना लोक इंग्रजी शब्द शोधतात, त्या दिवशी त्याला तेवढी सवड नव्हती. त्याचे वडील बुकबाइंडर होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, स्वतः एकही पूर्ण वाचलं नाही, मधली दहा-बारा पानं वाचायचे आणि म्हणायचे, पुढचं काय ते गिऱ्हाइकाला माहीत. आई गेल्यावर एकटे राहायला लागले. मग एका सकाळी उजवा हात आणि उजवा गाल लुळा पडला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा गाल बराचसा वर आला होता, हाताचं डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. बहीण लांब, दुसऱ्या गावी. ती फोनवर म्हणाली, तू तुझ्याकडे ने त्यांना. वडील म्हणाले, मी कुठेही येणार नाही, माझं सामान इथे आहे. सामान म्हणजे दाब द्यायचं लोखंडी यंत्र आणि सरस शिजवायचं भांडं. त्याला मनातून सुटल्यासारखं झालं, हे तो स्वतःशी कबूल करत असे, अगदीच काही सोंगाड्या नव्हता. त्याने वडिलांना आपल्याच ऑफिसच्या यादीत घातलं. क्रमांक सत्त्याऐंशी, तिसरी लाइन, सकाळी सात वाजून आठ-नऊ मिनिटं. पहिल्याच आठवड्यात दोनदा शेजाऱ्याला उठवावं लागलं. खालच्या मजल्यावरचा शिंपी झोपेतून उठून धापा टाकत वर गेला, तर वडील खुर्चीत बसलेले. “तुझी ती बाई लगेच फोन ठेवते,” वडील त्याला म्हणाले. “मला एक सापडेपर्यंत ती गेलेली असते.” शिंपी वैतागला. बहीण म्हणाली, “अरे, मग तूच रोज एक फोन कर ना सकाळी, मशीन कशाला पाहिजे?” वडिलांचं घर त्याच्या घरापासून चाळीस मिनिटांवर होतं, आणि फोन तर हाताशीच. हे काही अवघड नव्हतं. त्याने त्याऐवजी एक ओळ लिहिली. क्रमांक सत्त्याऐंशी असेल तर घाईनको एक. आणि घाईनको एक असेल तर वीस सेकंदांची मर्यादा लावू नकोस, जोवर समोरचा आकडा दाबत नाही तोवर वाट बघ. दहा मिनिटांचं काम. लिहून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं होतं. बापासाठी काहीतरी केलं, असं. वडीलही खूश झाले. “आता तुझी बाई शहाणी झाली,” म्हणाले. “फार सोशिक आहे हो.”

दोन वर्षं सुरळीत गेली. आणि मग एका मंगळवारी शिंपी उसवलेली विजार शिवून द्यायला पाच कमी दहाला वर गेला, तर वडील फोनच्या टेबलाशेजारी जमिनीवर. रिसीव्हर वायरला लोंबत होता, तो मी जागेवर ठेवला, असं शिंप्याने सांगितलं, जणू ते सांगणं महत्त्वाचं होतं. ते महत्त्वाचं होतंच. सात वाजून आठ मिनिटांपासून पाच कमी दहापर्यंत, पावणेतीन तास. मशीनने त्यांना नमस्कार म्हटलं होतं, त्यांनी फोन उचलला होता, आणि ते पडले होते. वीस सेकंदांची मर्यादा असती तर सव्वासातला शिंप्याचं दार वाजलं असतं. डॉक्टर म्हणाले, “तास-दीड तास आधी आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता.” डॉक्टर सहज बोलले. बहीण धाय मोकलून रडली आणि म्हणाली, “त्या फोनवाल्यांनी मारलं माझ्या बापाला.”  तो म्हणजे फोनवालाच होता, पण बहिणीच्या डोक्यात भाऊ वेगळा आणि फोनवाले वेगळे होते. ऑफिसात तेव्हाच्या साहेबांनी चौकशी लावली. सूचना का गेली नाही? फॉर्म भरायचा होता, आणि तो प्रोग्राम समजणारा ऑफिसात तो एकटाच, म्हणून फॉर्मही त्याच्याच हाती आला. त्याने लिहिलं: लाइनमध्ये बिघाड. कारण अज्ञात. मग साहेबांनी ऑपरेटरबाईंना बोलावलं, की लाइन पावणेतीन तास अडकली होती तर तुमच्या बोर्डावर दिवा लागलेला असणार, तुम्ही काय करत होतात? बाईंना लेखी समज मिळाली.  दर वर्षी त्या तारखेला त्या त्याच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणायच्या, “काका, माझंच लक्ष हवं होतं हो त्या दिवशी.” आणि तो दर वर्षी म्हणायचा, “जाऊ द्या बाई.” नऊ वर्षं. मोठ्या मनाने माफ केल्यासारखं म्हणायचा. बाई डोळे टिपून आपल्या जागेवर जायच्या आणि तो उरलेला दिवस बाथरूमला जायचं असलं तरी त्यांच्या टेबलावरून जात नसे.

ओळ तशीच राहिली. ती काढायची तर तो भाग उघडायला हवा होता, आणि उघडला की ती ओळ दिसली असती. ऑफिसचा रिवाज असा, की गेलेल्या माणसाचा क्रमांक तीन महिने रिकामा ठेवायचा आणि मग नव्या माणसाला द्यायचा. सत्त्याऐंशी एका निवृत्त पोस्टमास्तरांना मिळाला. ते घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलायचे आणि नमस्कार पुरं व्हायच्या आत एक दाबायचे. त्यांच्या मागे ती ओळ आठ वर्षं कुणाला दिसली नाही. पोस्टमास्तर गेले. सात-आठ महिन्यांपूर्वी तो क्रमांक आणखी कुणाला तरी मिळाला असणार. कुणाला, ते त्याला माहीत नव्हतं. यादी बाई ठेवत. त्याने ओळीत माणसाचं नाव लिहायला हवं होतं, फोनचा नंबर लिहायला हवा होता. त्याने यादीतली जागा लिहिली. नवशिक्यालाही ओरडून सांगावं अशी चूक. माणूस गेला तरी जागा राहते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तेव्हा वडील जाणार आहेत हेच लक्षात नव्हतं.

आता त्याने घड्याळाकडे बघितलं. एकेचाळीसची त्रेचाळीस झाली होती. प्रोग्रामला ते ठाऊक नव्हतं, तो एकेचाळीसवरच उभा होता, पण लाइन उघडी होती आणि तिकडे कुणीतरी सात-नऊला फोन उचलून एकही आकडा न दाबता होतं. कसं होतं? जमिनीवर?  आणि त्याच वेळी डोक्याच्या मागच्या बाजूला एक युक्ती स्वच्छ उभी राहिली, इतकी स्वच्छ की तो स्वतःलाच भ्याला. इथूनच, डिबगरमधूनच, घाईनको शून्य करायचं. मग प्रोग्रामला म्हणायचं, चल. तो बघेल, मर्यादा संपली. फोन ठेवेल, पुन्हा लावेल, पुन्हा लावेल, उत्तर नाही, आणि बाईंच्या बोर्डावर रीतसर सूचना येईल. बाई शेजाऱ्याला उठवतील. सगळं नियमाप्रमाणे. आज घरी जाताना ओळ पुसून टाकायची. कुणाला काही कळणार नाही, लंगडी लाइनही बरी होईल, साहेब पाठ थोपटतील. फक्त सहा मिनिटं जास्त लागतील. सहा मिनिटं म्हणजे काय, चहा गार व्हायलाही पुरत नाहीत. दुसरा रस्ता असा, की बाईंना सांगायचं, तिसऱ्या लाइनवर कान द्या. त्या प्रकारानंतर बाईंच्या बोर्डावर ऐकायची एक कळ बसवली होती. पण ती दाबली की पुढचं सगळंच उघडं पडणार होतं: कोणता क्रमांक, इतका वेळ का, कोणी लिहिलं. त्याने ‘घाईनको’पर्यंत टाइप केलं, बरोबरचं चिन्ह टाइप केलं. शून्य राहिलं होतं. बाई पलीकडे कुणाला तरी म्हणत होत्या, “आजोबा, ओरडू नका, मला ऐकू येतं, तुम्हाला येत नाही.”

सहा मिनिटं. वडिलांना किती लागली असतील, सहा की साठ, हे त्याला नऊ वर्षं कुणी सांगू शकलं नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला. आवाज फाटला. “ते सोडा. तिसरीवर कान द्या. आत्ता.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आजोबांना तसंच ठेवून दिलं आणि कळ खाली केली. दोघंही ऐकत राहिले. बोर्डाच्या छोट्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली. मग पाणी. नळ चालू असावा, बराच मोठा. काहीतरी पत्र्याचं आपटलं आणि फिरत फिरत थांबलं. मग काहीच नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्याला वाटलं, नळ कोणी बंद केला? बंद करायला कोणीतरी लागतं, हा साधा विचार त्याच्या डोक्यात शिरायला किती वेळ लागला. आणि मग खूप लांबून, दोन खोल्या पलीकडून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला:

“गेली नाहीस ना गं? आले, आले. डोळ्यांत साबण गेलाय मेला.”

ऑपरेटरबाई आधी हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. “अहो, मला सांगतेय ती!” त्या म्हणाल्या. “मशीनला. माझ्याशी बोलतेय हो.” त्यांनी हेडफोन काढून त्याच्यापुढे धरला. “धरा. तुम्हीच बोला. मी बोलले तर मशीनच बोलायला लागलं असं वाटून तिथेच पडायची.” आणि त्या पुन्हा आपल्या आजोबांकडे वळल्या, कारण अजून सत्तावीस जण बाकी होते.

त्याने हेडफोन घातला. कानाला गरम लागला. पावलं जवळ आली, फरफटत, सपाता असाव्यात. खुर्ची सरकली.

“मावशी,” तो म्हणाला. “मी ऑफिसातून बोलतोय. घाबरू नका.”

 “ती कुठे गेली?”

“ते मशीन आहे, मावशी.”

“ते मला कळतं हो. मी म्हातारी आहे, खुळी नाही.” श्वास लागला होता, पण आवाज ठणठणीत. “माझं काही चुकलं का?”

“नाही. तुम्ही एक दाबला नाहीत, म्हणून विचारलं.”

“तेच. मला वाटलंच होतं कधीतरी कोणीतरी विचारणार.” त्या थांबल्या. “सुरुवातीला एकदा विसरले. दूध उतू चाललं होतं, धावले, परत येऊन बघते तर फोन चालूच. ती गेलीच नव्हती. दुसरे सगळे कसे, दोन मिनिटं झाली की ठेवू का, ठेवू का. ही ठेवत नाही. मग मी काय करायला लागले, रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि माझं सगळं आवरून घेते. केर, भांडी, आंघोळ. फोन उघडा असला ना, की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. सगळं झालं की मग दाबते एक. आज डोक्यावरून घेतली, म्हणून उशीर झाला. मशीन बिघडलं का माझ्यामुळे?”

“नाही. ते मीच तसं केलं होतं.” समोर बाई नंबर फिरवत होत्या. त्याने आवाज खाली घेतला नाही. का नाही घेतला, हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. “माझ्या वडिलांसाठी. तुमचा नंबर आधी त्यांचा होता. त्यांचा हात चालत नव्हता, एक सापडेपर्यंत वेळ लागायचा. म्हणून मी लिहून ठेवलं, की यांची घाई करू नकोस.”

“हात!” म्हातारी हसली, मोकळं, बायका आपसांत हसतात तसं. “अहो, मीही मुलाला तेच सांगते. बोटं वळत नाहीत रे, फोन पटकन ठेवता येत नाही. छान वळतात. पण तसं म्हटलं की तो बिचारा आणखी चार मिनिटं बोलतो.”

 समोर पडदा होता, अर्धवट टाइप केलेली ओळ होती, आणि त्याला वडिलांची खिडकी दिसली. शेवटच्या वर्षातली दुपार. तो न सांगता गेला होता, महिन्या-दोन महिन्यांनी जायचा तसा. वडील खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. पुस्तक शिवायची ती लांब सुई, मेण लावलेला दोरा. एका झटक्यात ओवला, उजव्या हाताने, चष्मा कपाळावर. त्याला बघून सुई खाली ठेवली आणि उजवा हात मांडीवर घेऊन डाव्याने चोळायला लागले. तो म्हणाला होता, “कसा आहे हात?” वडील म्हणाले, “आहे तसाच. तुझ्या बाईला मात्र सांग, घाई करू नकोस.” त्याने ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खुर्ची ओढून बसला होता, आणि पंधरा मिनिटांनी निघाला होता. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला फोनवरचा एक कसा सापडणार नाही, हे त्याला नऊ वर्षं सुचलं नाही. म्हणजे रोज सकाळी सात-नऊला वडील रिसीव्हर कानाशी धरून, बोट एकवर ठेवून, दाबत नव्हते. कुणाशी बोलत असतील? काय सांगत असतील? सोशिक आहे हो, म्हणाले होते. 

“आहात ना?” म्हातारी म्हणाली.

“आहे. मावशी, माझे वडील याच फोनवर गेले. फोन उचलला आणि पडले. मी वेळेची मर्यादा काढून टाकली होती, म्हणून मशीन वाट बघत राहिलं. शेजाऱ्यांना कळवलंच नाही. पावणेतीन तास फोन चालू होता.”

बाईंचा नंबर लावणारा हात थांबला. त्याला ते डोळ्यांच्या कडेने दिसलं.

म्हातारीने अरेरे म्हटलं नाही. तिने विचारलं, “तेव्हा ऐकत होतं का कोणी?”

“नाही.”

“हं,” ती म्हणाली.

“म्हणून उद्यापासून ते वीसच सेकंद थांबेल. तुम्हाला लगेच एक दाबावा लागेल. फोन असा उघडा ठेवून तुम्ही कुठे पडलात, तर इथे कुणाला कळणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली. दुकानदाराने माल संपला म्हटल्यावर गिऱ्हाईक म्हणतं तसं, बरं.  “आत्ता तुम्ही ऐकताय ना पण?”

“हो.”

“मग आजच्या दिवस थांबता का? केस वाळेपर्यंत. काही बोलायचं नाही. तुमचं काम असेल ते करा. नुसता फोन ठेवू नका.”

त्याने टाइप केलेलं पुसलं. प्रोग्राम तसाच उभा राहिला, एकेचाळीस मिनिटांवर, हातात सत्त्याऐंशी क्रमांक धरून. “थांबतो,” तो म्हणाला. तिकडे रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची पुन्हा सरकली, खिडकी उघडल्यासारखं काहीतरी करकरलं.

ऑपरेटरबाईंनी मघाचा नंबर पुन्हा पहिल्यापासून लावला. नमस्कार, मीच बोलतेय. बऱ्या आहात ना? यादीत खूण केली, पुढचा लावला. त्याच्याकडे त्यांची पाठ होती. तो काहीतरी बोलायला हवं म्हणून शब्द जुळवत होता, फॉर्मचं, समजेचं, दर वर्षीच्या त्या तारखेचं, आणि कुठून धरावं ते कळत नव्हतं. दोन फोनांच्या मध्ये, घंटा वाजत असताना, मागे न बघता बाई म्हणाल्या, “तुमची बहीण इथे आली होती तेव्हा एकदा बाजारात समोर आली. तोंड दाखवायला नको म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, काका.”

मग समोरच्याने फोन उचलला आणि त्या त्याच्याशी बोलायला लागल्या.

त्याच्या कानात कंगवा फिरत होता, थांबत होता, गुंता सोडवत होता आणि पुन्हा फिरत होता. त्याने हेडफोन काढला नाही.